फुटबॉलचा पहारेकरी : कालचा आणि आजचा

विश्वचषकाच्या रात्री ज्या घरात दोन पिढ्या एकत्र बसून फुटबॉल पाहतात, तिथे एक वाद हमखास होतो. १९८६ साली दूरदर्शनवर मॅराडोनाला पाहिलेले वडील म्हणतात, "आताच्या बचावपटूंमध्ये दमच नाही. जरा धक्का लागला की पंचांकडे पाहतात." मुलगा म्हणतो, "बाबा, तुमच्या वेळचे बचावपटू खेळत कुठे होते? पाय तोडत होते!"

दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. गोल करणाऱ्यांची तुलना करणे सोपे असते, कारण गोल मोजता येतात. पेलेचे किती, मेस्सीचे किती, हे पाठ असलेली शाळकरी मुले आहेत. पण जो गोल झालाच नाही, त्याचे श्रेय कोणत्या वहीत लिहिणार? म्हणूनच बचावपटूंच्या बाबतीत आठवणींवर आणि ऐकीव कथांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि आठवण नेहमी आपल्या तरुणपणाच्या बाजूने साक्ष देते.

अशा आठवणींमध्ये पहिला मान इंग्लंडच्या बॉबी मूरचा. ७ जून १९७० रोजी मेक्सिकोतील ग्वाडालाहारा येथे भर दुपारच्या उन्हात इंग्लंड आणि ब्राझील यांचा सामना झाला. ब्राझीलचा जैरझिन्हो चेंडू घेऊन वाऱ्यासारखा सुटला. समोर एकटा मूर. मूर धावून अंगावर गेला नाही. तो मागे मागे सरकत राहिला, जैरझिन्होला पुढे येऊ दिले आणि नेमक्या क्षणी पाय घालून चेंडू अलगद काढून घेतला. फाउल नाही, आदळआपट नाही. चेंडू घेऊन तो शांतपणे पुढे चालू लागला. तो सामना इंग्लंडने ०-१ असा गमावला आणि एकमेव गोल त्याच जैरझिन्होने केला. तरीही त्या सामन्यातली मूरची ती एक हिसकावणी अजून दाखवली जाते. मूर काही फार वेगवान नव्हता. पुढे काय होणार हे त्याला इतरांच्या आधी कळत असे, एवढेच त्याचे भांडवल.

आता दुसरे टोक पाहा. १९८२ च्या विश्वचषकात २९ जूनला बार्सिलोनात इटलीच्या क्लॉदिओ जेंतिलेवर कामगिरी सोपवली गेली ती तरुण मॅराडोनाला रोखण्याची. त्याने रोखले म्हणजे काय केले? शर्ट ओढला, पाठीला पाठ लावून उभा राहिला, चेंडू येण्याआधीच पाय मारला. त्या एका सामन्यात मॅराडोनावर २३ फाउल झाले. जेंतिलेला मिळाले फक्त एक पिवळे कार्ड आणि इटली २-१ ने जिंकली. पुढच्याच सामन्यात त्याने ब्राझीलच्या झिकोचा शर्ट टरकावला. इटालियन भाषेत 'जेंतिले' म्हणजे सभ्य, मृदू. आडनावे कधी कधी थट्टा करतात ती अशी. आठवडाभरात इटली जगज्जेती झाली, त्यामुळे कोणी फारसा जाबही विचारला नाही.

पण अशा खेळाची किंमत कोणी तरी मोजतच होते. सप्टेंबर १९८३ मध्ये स्पेनमधील एका लीग सामन्यात बिल्बाओच्या गोइकोएत्चेआने मागून मारलेल्या लाथेने मॅराडोनाचा घोटा मोडला. हॉलंडचा मार्को व्हॅन बास्टेन युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून तीनदा गौरवला गेला, पण घोट्याच्या दुखण्याने त्याला २८ व्या वर्षानंतर एकही सामना खेळता आला नाही. मागून येणाऱ्या लाथा वर्षानुवर्षे सोसल्यावर दुसरे काय होणार? 'तेव्हाचे बचावपटू खरे मर्द' असे म्हणताना हे घोटेही आठवायला हवेत.

नियमांनी केलेला कायापालट

काल आणि आज यांच्यामध्ये जी दरी दिसते, ती खेळाडूंपेक्षा नियमांनी अधिक पाडली आहे. पिवळी आणि लाल कार्डे विश्वचषकात आली तीच मुळी १९७० साली, आणि त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघाले नाही. १९९० चा इटलीतला विश्वचषक इतका कंटाळवाणा झाला, की दर सामन्याला सरासरी २.२१ गोल झाले. एवढी कमी सरासरी विश्वचषकात दुसरी नाही. मग फुटबॉलचे कायदेकर्ते जागे झाले. त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम सैल झाला आणि बचावपटूच्या बरोबरीच्या रेषेत असलेला आक्रमक निर्दोष ठरू लागला. १९९२ साली त्याहून मोठा बदल आला. आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही! तोवर अडचणीत सापडलेला बचावपटू चेंडू मागे ढकलून मोकळा होत असे. आता त्याला पायाने काही तरी शहाणपणाचे करणे भाग पडले.

१९९८ च्या फ्रान्समधील विश्वचषकाआधी मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड दाखवण्याची ताकीद पंचांना दिली गेली. त्या स्पर्धेत २२ खेळाडू मैदानाबाहेर गेले. २०१८ पासून विश्वचषकात व्हिडिओ पंचही आले. आज गोलपुढच्या चौकटीत बचावपटू दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे असलेले दिसतात ते याचमुळे. चेंडू नकळत हाताला लागला तरी पेनल्टी जाण्याची भीती असते. हात मागे बांधून वळणे आणि उडी मारणे किती अवघड, हे ज्याला पाहायचे असेल त्याने अंगणात एकदा करून पाहावे. जेंतिले आजच्या सामन्यात अर्धा तासही टिकला नसता.

पहिला पास बचावपटूचा

२०१९ मध्ये गोलकिकचा नियमही बदलला. चेंडू चौकटीबाहेर जाण्याची वाट न पाहता आतच सहकाऱ्याने घ्यावा, अशी मुभा मिळाली. परिणाम असा, की आजचे आक्रमण बहुतेक वेळा स्वतःच्या गोलपासूनच सुरू होते आणि त्याचा पहिला पास बचावपटू देतो. मँचेस्टर सिटीचा जॉन स्टोन्स नावाने मधल्या फळीच्या मागचा रखवालदार, पण जून २०२३ मध्ये इस्तंबूलला झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो चक्क मध्यरक्षकांत वावरत होता.

या पासांचे वेड कधी कधी हास्यास्पदही होते. २०२२ च्या विश्वचषकात स्पेनने मधला बचावपटू म्हणून उभा केला रॉड्री, जो मुळात मध्यरक्षक. मोरोक्कोविरुद्ध स्पेनने हजाराहून अधिक पास दिले, गोल एकही केला नाही आणि पेनल्टींवर सामना हरले. मोरोक्कोचे बचावपटू मात्र जुन्या पठडीत पाय रोवून उभे राहिले होते.

अर्थात बचावपटूने पुढे जाऊन खेळणे हा आजचा शोध आहे असे मानणाऱ्यांनी जुनी पाने चाळावीत. ब्राझीलचा डावा बचावपटू निल्टन सांतोस १९५८ च्या विश्वचषकात चेंडू घेऊन थेट पुढे गेला आणि ऑस्ट्रियाविरुद्ध गोल करून आला. साठीच्या दशकात इंटर मिलानचा बचाव इतका आवळलेला असे, की त्या पद्धतीला दाराच्या अडसराचे नाव पडले होते. पण त्याच संघाचा डावा बचावपटू जचिंतो फाचेत्ती याने इटालियन लीगमध्ये ५९ गोल केले! पश्चिम जर्मनीचा फ्रांझ बेकेनबाउर तर सर्वांत मागे उभा राहून अख्ख्या संघाचा खेळ चालवत असे. युरोपचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून १९७२ आणि १९७६ अशा दोन वेळा त्याला सुवर्णचेंडू मिळाला. १९५६ पासूनच्या या पुरस्काराच्या यादीत बचावपटू म्हणून त्याच्याखेरीज दोघेच आहेत : १९९६ चा माथियास झामर आणि २००६ चा फाबियो कान्नावारो. हॉलंडचा व्हर्जिल व्हॅन डाइक २०१९ मध्ये मेस्सीपेक्षा फक्त ७ गुणांनी मागे पडला.

व्हॅन डाइक हा तुलनेसाठी चांगला नमुना आहे. २०१८ च्या जानेवारीत लिव्हरपूलने त्याच्यासाठी साडेसात कोटी पौंड मोजले, तेव्हा बचावपटूवर एवढा पैसा उधळल्याबद्दल लोक हसले होते. सहा फूट चार इंच उंची, त्यावर वेग, आणि चाळीस-पन्नास मीटरवर बिनचूक जाणारा पास. आणि तरीही त्याचा खरा गुण तोच, जो मूरचा होता. तो क्वचितच जमिनीवर लोळण घेतो. समोरच्याला हव्या त्या बाजूला वळवतो आणि वाट पाहतो. मिलानचा फ्रांको बरेसी उंचीने जेमतेम पावणेसहा फूट, पण तोही याच जातीचा. त्याला आजच्या मऊशार हिरवळीवर आणि आजच्या नियमांत उभा केला असता तर तो काही बिघडला नसता.

उलट प्रवास मात्र अवघड ठरेल. पूर्वी एका बचावपटूला एका आक्रमकावर नव्वद मिनिटे सावलीसारखा पहारा द्यावा लागे. आता संघ मिळून जागा अडवतो, त्यामुळे एकास एक लढण्याची सवय कमी झाली आहे. आजच्या अनेक नामांकित बचावपटूंना चिखलाच्या मैदानावर, मदतीला कोणी नसताना, झिकोसमोर सोडले तर त्यांची भंबेरी उडेल. पास देण्यात ते सरस, पण एकट्याने झुंजण्यात जुने सरस, असाच निवाडा करावा लागतो.

टाके, पट्ट्या आणि नंतरची वर्षे

जुन्यांच्या सहनशक्तीला तर तोड नाही. १९७० च्या उपांत्य सामन्यात बेकेनबाउरचा खांदा निखळला. संघाचे दोन्ही बदली खेळाडू आधीच वापरून झाले होते, म्हणून तो हात छातीशी बांधून जादा वेळेतही खेळला. बरेसीने १९९४ च्या विश्वचषकात २३ जूनला गुडघ्याची दुखापत झाल्यावर शस्त्रक्रिया करून घेतली आणि १७ जुलैला अंतिम सामन्यात १२० मिनिटे ब्राझीलला गोल करू दिला नाही. त्यानंतर पेनल्टी त्यानेच वर मारली, हे दुर्दैव.

आपल्याकडेही असा एक वीर होऊन गेला. मोहन बागानचा बचावपटू जर्नेलसिंग. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडविरुद्ध त्याचे डोके फुटले, टाके पडले. प्रशिक्षक रहीम यांनी त्याला बसवून ठेवण्याऐवजी पुढे, आक्रमणात पाठवले. टाक्यांनिशी खेळलेल्या जर्नेलसिंगने उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही. भारताने २-१ ने सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेतले ते भारतीय फुटबॉलचे शेवटचे सुवर्ण.

१९८९ साली इंग्लंडच्या टेरी बुचरचा पांढरा शर्ट स्वीडनविरुद्ध डोक्यातून वाहणाऱ्या रक्ताने लालभडक झाला होता. त्या छायाचित्राचे तेव्हा कौतुकच झाले. आज रक्त थांबेपर्यंत पंच खेळाडूला मैदानात येऊच देत नाहीत. डोक्याला मार बसल्याचा संशय आला, तर अनेक स्पर्धांत त्यासाठी वेगळा बदली खेळाडू घेता येतो. वडिलांच्या पिढीला हा नाजूकपणा वाटतो. तो तसा का नाही, हे ग्लासगोच्या संशोधकांनी दाखवले आहे.

त्यांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास केला. २०१९ मध्ये निष्कर्ष आला, की स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी मरण येण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीनपट होते. सत्तरीपर्यंत त्यांची प्रकृती इतरांपेक्षा चांगली राहिली होती, हृदयविकारही कमी; हानी झाली ती मेंदूची. २०२१ मध्ये खेळण्याच्या जागेनुसार आकडे आले. हेडर न मारणाऱ्या गोलरक्षकांमध्ये हा धोका सामान्य माणसाइतकाच होता. सर्वाधिक धोका बचावपटूंना, जवळजवळ पाचपट. उंच आलेला प्रत्येक चेंडू डोक्याने परतवायचा, हेच तर त्यांचे काम होते. चामड्याचा चेंडू कोरडा असताना आजच्याएवढ्याच वजनाचा असे, पण पावसात पाणी पिऊन जड होई.

१९६६ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या बचावफळीत चौघे होते. त्यांपैकी रे विल्सन आणि जॅक चार्ल्टन दोघेही अखेरच्या काळात स्मृतिभ्रंशाने ग्रासले. त्यांच्यापुढे उभा राहून आक्रमणे मोडणारा नॉबी स्टाइल्सही त्याच वाटेने गेला. ज्या विजयाबद्दल देशाने त्यांना डोक्यावर घेतले, तो विजय त्यांना स्वतःला आठवेनासा झाला होता.

२०२० साली इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात हेडर शिकवणे बंद केले. २०२१-२२ च्या हंगामापासून इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंनाही सरावात आठवड्याला जोरदार हेडर दहाच, अशी शिफारस आहे. प्रत्यक्ष सामन्यात मात्र अशी मर्यादा नाही. कॉर्नरवरून चेंडू उंच आला, की व्हॅन डाइकलाही जॅक चार्ल्टनसारखीच उडी मारून तो डोक्यानेच परतवावा लागतो.