दुरुस्ती चालू आहे, पण कुठवर?

ऐन लग्नसराईत वीज जाते, फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर बंद पडतो. पुन्हा चालू केला की काळ्या पडद्यावर एवढंच येतं: ड्राइव्हची तपासणी आणि दुरुस्ती सुरू, 11 टक्के. अर्ध्या तासाने बघावं तर 11च. डिस्कवर लोकांच्या लग्नांचे फोटो असतात. मग हात पॉवरच्या बटणाकडे जातोच. दुरुस्तीचे बदल अर्धवट लिहिलेले असताना बटण दाबलं, तर वाचले असते ते फोटोही जाऊ शकतात. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं.

आकडा अडकतो, कारण ते टक्के वेळेचे नसतात, उरकलेल्या कामाचे असतात. आणि सगळं काम सारख्या वेगाने होत नाही. उदाहरणार्थ, लिनक्सवरचा ई-टू-एफएसचेक हा डिस्क तपासणारा प्रोग्राम पाच फेऱ्यांत तपासणी करतो. पहिल्या फेरीत प्रत्येक फाइलची नोंद आणि तिने व्यापलेले ब्लॉक तपासले जातात, सर्वाधिक वेळ इथेच जातो. पुढे फोल्डरांची रचना, त्यांची जोडणी, दुव्यांची मोजणी आणि शेवटी मोकळ्या जागेचा हिशेब. पण एकाच गटाच्या सातबाऱ्यावर दोघांनी मालकी सांगावी, तसा एकाच ब्लॉकवर दोन फाइलींचा दावा निघाला, की सगळ्या नोंदी पुन्हा चाळाव्या लागतात. आपण कुठल्या फेरीत आहोत, हे प्रोग्रामला माहीत असतं, तरी हाताने चालवताना त्याची प्रगतिपट्टी वेगळा पर्याय देऊन मागावी लागते.

विंडोजच्या चेकडिस्कला खराब सेक्टर शोधायला लावलं, तर तो अख्खी डिस्क वाचतो. 4 टीबीची डिस्क, सेकंदाला सरासरी 150 एमबी वेग धरला, तर नुसत्या वाचनालाच जवळपास साडेसात तास. हा भागाकार यंत्राने करावा आणि सुरुवातीलाच सांगावा. साडेसात तास लागणार हे कळलं, तर माणूस दुकान बंद करून घरी जाईल.

टक्के दाखवणारी पट्टी लोकांना हवीशी वाटते, हे संशोधक ब्रॅड मायर्स यांनी 1985 मध्येच दाखवून दिलं होतं. माझ्या मते एवढ्या जोखमीच्या कामात पट्टी पुरत नाही. कुठली फेरी चालू आहे, हे लिहावं. टक्के थांबले तरी हलत राहील असा एखादा आकडा, म्हणजे आत्ता तपासत असलेल्या नोंदीचा क्रमांक, दिसावा. आणि सर्वांत महत्त्वाचं, आत्ता थांबवलं तर चालेल का, ते स्पष्ट सांगावं. नुसती तपासणी असेल तर सहसा थांबवता येते. डिस्कवर लिहिणं सुरू झालं की थांबवू नये.

2012 मध्ये विंडोज 8 ने वाट पाहणंच कमी केलं: तपासणी काम चालू असताना होते, ड्राइव्ह बंद ठेवावा लागतो तो सापडलेल्या बिघाडांपुरता.

दुरुस्ती संपल्यावरही एक ओळ हवी. नाव हरवलेल्या फाइली लिनक्सवर ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये जातात, विंडोजवर ‘फाउंड.000’ या सहसा लपलेल्या फोल्डरात. तिथे किती फाइली ठेवल्या आणि ते फोल्डर कसं उघडायचं, हे पडद्यावर लिहिलं तर स्टुडिओवाला निदान तिथे शोधेल तरी.