समुद्र नसलेली बेटे

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण वापरतो ती वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतून बेरकी असलेल्या माणसासाठी. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती अक्षरशः खरी आहे. गोगलगायींच्या वर्गाला शास्त्रज्ञ ‘गॅस्ट्रोपोडा’ म्हणतात आणि या ग्रीक शब्दांचा अर्थही पोट आणि पाय असाच होतो. मराठी परिभाषेत त्याला ‘उदरपाद’ म्हणतात. हा प्राणी किती दूर जाऊ शकतो, कुठे अडतो आणि अडल्यामुळे त्याच्या वंशाचे पुढे काय होते, हे सगळे त्या पोटातल्या पायावर अवलंबून आहे. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिम भागात, जिथे समुद्र नाही तिथे, गोगलगायींची बेटे आहेत. ती आपण नीट पाहण्याआधीच पुसली जात आहेत, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही. पावसाळ्यात देवराया आणि किल्ल्यांचे माथे फिरायचे, पालापाचोळा चाळायचा, सापडलेले रिकामे शंख कागदाच्या पुड्यांत बांधून घरी आणायचे आणि भिंगाखाली पाहायचे, असे करत करत जे शिकलो तेवढीच माझी शिदोरी. सोबतीला ब्रिटिश काळात निघालेले ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतले मृदुकाय प्राण्यांचे खंड. पहिला १९०८ सालचा, ब्लॅनफर्ड आणि गॉडविन-ऑस्टिन यांचा. पुढचे दोन १९१४ आणि १९२१ सालचे, गुड यांचे. शंभर वर्षे उलटली तरी आजही सुरुवात तिथूनच करावी लागते.

आधी चालण्याविषयी. गोगलगाय स्वतःच्या अंगातून चिकट द्रव सोडते आणि त्यावरून सरकते. म्हणजे रस्ता तीच तयार करते आणि तो मागे टाकून पुढे जाते. मार्क डेनी या शास्त्रज्ञाने १९८० साली या सरकण्याचा हिशेब मांडला. तेवढ्याच वजनाच्या प्राण्याला धावायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे १२ पट ऊर्जा या सरकण्याला लागते, असे त्यात निघाले. शिवाय त्या द्रवात मुख्यतः पाणीच असते. उन्हात तापलेल्या कातळावरून वीस-पंचवीस पावले ओलांडायची, तर एवढे पाणी आणायचे कुठून? म्हणून उन्हाळा लागला की गोगलगाय शंखात आत जाते, तोंडावर वाळलेल्या द्रवाचा पडदा ओढून घेते आणि झाडाच्या ढोलीत, दगडाखाली किंवा जुन्या भिंतीच्या फटीत पाऊस येईपर्यंत पडून राहते. आपल्या भागात ही झोप सात-आठ महिन्यांची होऊ शकते.

मग असा प्राणी भर समुद्रातल्या बेटांवर पोचला कसा? हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. त्याने तोंडावर पडदा ओढून झोपलेल्या गोगलगायी समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिल्या. ‘हेलिक्स पोमॅशिया’ ही गोगलगाय २० दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही नंतर चालू लागली, असे त्याने नोंदवले आहे. वाहत्या ओंडक्यावरून, पक्ष्याच्या पायाला लागलेल्या चिखलातून लहान गोगलगायी जाऊ शकतात. जपानमधल्या एका अभ्यासात तर पक्ष्यांनी गिळलेल्या अगदी छोट्या गोगलगायींपैकी शंभरात पंधरा त्यांच्या विष्ठेतून जिवंत बाहेर आल्या. त्यात बऱ्याच गोगलगायी उभयलिंगी, काही तर स्वतःच स्वतःचे फलन करणाऱ्या. म्हणजे एखादी जरी पोचली, तरी वसाहत उभी राहू शकते.

पण अशी पोच फार क्वचित घडते, आणि त्या क्वचितपणातूनच विविधता जन्माला येते. एकदा बेटावर पोचलेल्या गोगलगायीकडे मागून नातेवाईक येत नाहीत. ती आणि तिची पिल्ले आपल्याच वाटेने बदलत जातात. हवाई बेटांवर अशा रीतीने ७५० हून अधिक जाती तयार झाल्या. तिथे एका दरीत एक रूप, तर शेजारच्या दरीत दुसरे, हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आले होते. अडथळा समुद्राचाच असावा लागत नाही, दोन दऱ्यांमधली कोरडी धारही पुरते.

आता हे डोळ्यांपुढे ठेवून जुन्नर-आंबेगावचा नकाशा पाहावा. पश्चिमेला घाटमाथा: नाणेघाट, जीवधन, चावंड, हडसर, दुर्गवाडी, आहुपे, भीमाशंकर. तिथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस. तिथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला आळेफाटा, बेल्हे किंवा मंचरच्या पुढे गेले की पाऊस काहीशे मिलिमीटरवर येतो. म्हणजे ओल्या जंगलाची पट्टी मुळातच अरुंद. तीही सलग राहिलेली नाही. मध्ये भातखाचरे, वरई-नाचणीचे उतार, गवताळ माळ, उघडे कातळ, रस्ते, आणि घोड नदीच्या खोऱ्यात डिंभे धरणाचे पाणी. या सगळ्याच्या मध्ये उरलेले दाट सावलीचे ठिपके म्हणजे देवराया आणि किल्ल्यांच्या कड्यांखालची रानाची कड. शेकरू किंवा धनेश एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाईल. बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायीला मधले माळरान समुद्राइतकेच अपार आहे.

देवराईचे मोल आपल्याला सांगितले ते वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी. १९७०च्या दशकात त्यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्या जतन करण्याची हाक दिली. देवाच्या धाकाने कुऱ्हाड थांबली आणि आजूबाजूचे रान गेले तरी राई उरली, ही त्यातली मुख्य गोष्ट. गोगलगायीच्या बाजूने त्यात एक भर घालता येते. राईत कुऱ्हाड जशी थांबली, तसा झाडूही थांबला होता. पडलेले पान तिथेच कुजायचे, मोडलेला खोडवा तिथेच मुरायचा.

कुजलेल्या पानांचा हा थर गोगलगायीचे घर आहे आणि अन्नही. शंख बनवायला चुना लागतो. चुनखडीच्या प्रदेशात तो जमिनीतूनच मिळतो. घाटमाथ्यावर मुसळधार पावसाने धुऊन काढलेल्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत त्याची चणचण असते. झाडे खोल मुळांनी तो वर ओढतात, पानांत साठवतात आणि पानगळीबरोबर खाली देतात. म्हणून जुन्या झाडांखालचा जाड पाचोळा म्हणजे गोगलगायींचे चुन्याचे कोठार. कानशीसारख्या जिभेने त्या पाने आणि बुरशी खरवडतात. किल्ल्यांच्या जुन्या, चुन्यात बांधलेल्या भिंतींवर त्या जमलेल्या दिसतात, त्यामागेही हेच कारण.

राईतला मूठभर पाचोळा वाळवून चाळणीतून पांढऱ्या कागदावर चाळला, तर आधी नुसती माती दिसते. जरा वेळाने, एकेक कण भिंगाखाली घेतला की त्यातले काही कण वळसेदार निघतात. जमिनीवरच्या गोगलगायींतल्या पुष्कळ जाती पाच मिलिमीटरपेक्षा लहान आहेत. कुणी मोहरीच्या दाण्याएवढी चपटी, कुणी सुईसारखी उभट. वाटेवर दिसणाऱ्या मोठ्या गोगलगायींवरून राईचा अंदाज बांधणे म्हणजे गावातली फक्त उंच माणसे मोजण्यासारखे आहे.

पश्चिम घाटात जमिनीवरच्या गोगलगायींच्या सुमारे २७० जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांतल्या जवळपास तीन-चतुर्थांश जगात इतरत्र कुठेही नाहीत. नव्या अजून सापडत आहेत. २०२१ साली आंबोलीच्या परिसरातून ‘वरदिया’ ही संपूर्ण नवी प्रजाती, म्हणजे जातींच्या वरचा गट, जाहीर झाली. अर्धवट शंख असलेली ती गोगलगाय सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावाने ओळखली जाते. सह्याद्रीच्या ओल्या कड्यांवर, धबधब्यांच्या तुषारांत ‘क्रेम्नोकाँकस’ नावाच्या गोगलगायी राहतात. त्यांचे कुळ समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांचे, आणि या मात्र शेकडो मीटर उंचीवर. २०१३ साली एकट्या कर्नाटकातल्या कड्यांवरून त्यांच्या सहा नव्या जाती वर्णन झाल्या.

इथे बेटांच्या शास्त्राचा मुख्य मुद्दा येतो. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ साली मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे मोठ्या आणि मुख्य भूमीजवळच्या बेटावर जाती जास्त, लहान आणि दूरच्या बेटावर कमी. ढोबळ नियम असा की क्षेत्र दहापट वाढले की जाती दुपटीने वाढतात. यावरून १९७५-७६ मध्ये वाद पेटला. जॅरेड डायमंड यांचे म्हणणे, राखीव क्षेत्र एक आणि मोठे असावे. सिम्बरलॉफ आणि एबल यांचे उत्तर, अनेक लहान क्षेत्रे मिळून तेवढ्याच किंवा जास्त जाती राखू शकतात. आपल्याकडे या वादाची दोन्ही टोके शेजारी आहेत. एकीकडे १९८५ साली घोषित झालेले, १३०.७८ चौरस किलोमीटरचे भीमाशंकर अभयारण्य. दुसरीकडे काही गुंठ्यांपासून काही एकरांपर्यंतच्या राया.

शेकरूसाठी मोठे, सलग रान हवेच. गोगलगायींचा हिशेब निराळा पडतो. त्यांच्या बाबतीत एका राईत किती जाती आहेत यापेक्षा शेजारच्या राईत त्यांतल्या किती नाहीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. लहान राईची यादी छोटी असेल, पण ती मोठ्या राईच्या यादीची नक्कल असेलच असे नाही. एक राई गेली आणि दहा उरल्या, तर दशांशापेक्षाही कमी नुकसान झाले असे वाटते. गेलेल्या राईत जे होते ते उरलेल्या दहांत नसेल, तर नुकसान पूर्ण असते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि राया जात आहेत त्या बहुतेक तोडून नव्हे, सुधारून. देवळाचा जीर्णोद्धार होतो, भोवती फरशी बसते, सभामंडप येतो, गाड्यांसाठी जागा होते. झाडे राखली जातात, फलकही लागतो. राई ‘स्वच्छ’ राहावी म्हणून पाचोळा झाडून पेटवला जातो, आणि त्याच्याबरोबर पुढच्या पावसाची वाट पाहत पडदा ओढून पडलेल्या सगळ्या गोगलगायीही. दुरून पाहणाऱ्याला राई तशीच हिरवी दिसते. हे करणारी माणसे श्रद्धेनेच करतात, म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पाचोळा हा कचरा नाही, एवढे त्यांच्यापर्यंत पोचवायला हवे. काजव्यांच्या अळ्या गोगलगायींवर जगतात, ही एक गोष्ट सांगितली तरी पुष्कळांना पटते. पावसाळ्याच्या तोंडावर घाटमाथ्यावर काजव्यांनी लखलखणारी झाडे पाहायला आता शहरातून गर्दी होते. त्या उजेडाचे इंधन पाचोळ्यात असते.

दुसरे संकट बाहेरून आलेले आहे. शेतात धुमाकूळ घालणारी मोठी आफ्रिकी गोगलगाय आपली नव्हे. विल्यम बेन्सन यांनी १८४७ साली ती मॉरिशसहून आणली आणि कलकत्त्यातल्या एका बागेत सोडली. हेच बेन्सन भारतातल्या कितीतरी देशी गोगलगायींचे पहिले वर्णनकर्ते! ती एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. २०२२ साली लातूर, बीड, उस्मानाबाद भागात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, ते अनेकांना आठवत असेल. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि बंदोबस्त करायलाच हवा. पण मेटाल्डिहाइडच्या गोळ्या देशी-विदेशी पाहत नाहीत. उत्तर कोकण आणि सह्याद्रीतली ‘आरिओफँटा’ ही देशी गोगलगाय ओळखायला सोपी आहे. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले, तर तिचे तोंड डावीकडे येते, आफ्रिकीचे उजवीकडे. सगळ्या देशी गोगलगायी डावखुऱ्या नसतात, तरी डावीकडे तोंड दिसले तर ती आफ्रिकी नव्हे, हे नक्की.

बंदोबस्त चुकीच्या मार्गाने केला तर काय होते, याचा दाखला प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा. आफ्रिकी गोगलगाय आटोक्यात आणण्यासाठी १९७७ साली तिथे एक शिकारी गोगलगाय सोडली गेली. तिने सोपी शिकार पसंत केली आणि दहा वर्षांत बेटावरच्या ‘पार्टुला’च्या सातही जाती रानातून नाहीशा झाल्या. हवाईत ‘अकाटिनेला अपेक्सफुल्वा’ या जातीची अखेरची गोगलगाय १ जानेवारी २०१९ रोजी प्रयोगशाळेत मेली. तिचे नाव जॉर्ज ठेवले होते. तिची बातमी जगभर झाली, कारण कुणीतरी तिच्यावर लक्ष ठेवून होते.

आपल्या रायांसाठी करण्यासारखे फार खर्चाचे नाही. देवळाभोवतीची आवश्यक वाट आणि अंगण सोडून बाकीचा पाचोळा न झाडणे आणि न जाळणे. पडलेले खोड कुजू देणे. विषारी गोळ्या राईच्या कडेपासून लांब ठेवणे. बांधकाम करायचेच तर राईच्या बाहेर करणे. आणि गावातल्या शाळेने दर पावसाळ्यात आपल्या राईतले रिकामे शंख गोळा करून, तारीख आणि जागा लिहून, एका बरणीत ठेवणे. दहा वर्षांनी त्या दहा बरण्या शेजारी ठेवल्या, तर राईत काय टिकले आणि काय गेले हे सांगायला बाहेरच्या तज्ज्ञाची वाट पाहावी लागणार नाही.