जिथून परतीची वाट नव्हती, तिथे आज कुटुंबे पुन्हा पुन्हा जातात

ग्रीस हे नाव आपल्या बौद्ध वाचकांना परके नाही. भदंत नागसेनांना प्रश्न विचारणारा राजा मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांचे दान देणाऱ्या यवनांची नोंद आजही दगडावर कोरलेली आहे. त्या ग्रीसच्या बेटांवर युरोपातील असंख्य कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत जातात. पुष्कळांचे एक आवडते बेट ठरलेले असते. मे महिन्यात मुंबईचा चाकरमानी जसा पोराबाळांना घेऊन गाव गाठतो, तशी ही माणसे वर्षामागून वर्षे त्याच बेटावर, त्याच गावात उतरतात. कष्टकऱ्यालाही अशी सुट्टी हवीच. आपल्या देशात १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला भरपगारी सुट्टी मिळाली, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते, हे आपण विसरता कामा नये.

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. तेथे वारंवार जाणारी कुटुंबे एक दिवस राखून ठेवतात आणि एलुंडा किंवा प्लाका या गावाहून होडीने स्पिनालोंगा नावाच्या लहानशा बेटावर जातात. प्लाकापासून हे बेट एक किलोमीटरही दूर नाही. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी सोळाव्या शतकात बांधलेला किल्ला तेथे आहे. परंतु आम्ही हा लेख लिहीत आहोत तो किल्ल्यासाठी नव्हे, तर त्या किल्ल्यात कोंडलेल्या माणसांसाठी.

१९०३ साली क्रीटच्या सरकारने कुष्ठरोग्यांना या बेटावर ठेवण्याचे ठरवले आणि १९०४ पासून रुग्ण तेथे येऊ लागले. पुढे क्रीट ग्रीसमध्ये सामील झाले आणि देशाच्या इतर भागांतूनही रुग्ण आणले गेले. घरदार, शेत, मुलेबाळे मागे टाकून ही माणसे ज्या बोगद्यातून आत जात, त्याला दान्तेचे दार असे नाव पडले. दान्ते हा नरकाचे वर्णन करणारा इटालियन कवी. नाव असे का पडले, ते वेगळे सांगायला नको. समोरच्या किनाऱ्यावर गावातले दिवे दिसत, पण तिकडे जाण्याची मुभा नव्हती. ज्यांनी गावकुसाबाहेरचे जिणे पाहिले आहे, त्यांना या अंतराचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही.

१९३६ साली एपामिनोन्दास रेमुन्दाकिस नावाचा तरुण रुग्ण म्हणून या बेटावर आला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. शिक्षण अर्धे राहिले, पण जे शिकला होता ते वाया गेले नाही. त्याने रुग्णांना एकत्र करून त्यांची संघटना उभारली आणि सरकारकडे माणसासारखे जगण्याचा हक्क मागितला. रुग्णांनी घरांना चुना दिला, झाडे लावली. बेटावर कॉफीचे दुकान निघाले, नाटके झाली, मुलांसाठी शाळा आली. लग्नाला बंदी होती, तरी लग्ने झाली आणि पाळणे हलले. शिक्षण आणि संघटना यांचे बळ काय असते, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. सातासमुद्रापलीकडे, आपल्यासारखीच टाकलेली माणसे त्याच वाटेने चालली होती. दया मागून जे मिळाले नाही, ते एकजुटीने मिळाले.

अखेर औषध निघाले आणि रोग बरा होऊ लागला. १९५७ साली स्पिनालोंगाची वसाहत बंद झाली. ज्यांची सुटका होण्याची आशा नव्हती, ती माणसे बाहेर आली.

पुढे २००१ साली व्हिक्टोरिया हिस्लॉप ही इंग्रज लेखिका कुटुंबासह क्रीटला सुट्टीसाठी गेली असता तिने हे बेट पाहिले. त्यातून २००५ साली तिची 'द आयलंड' ही कादंबरी आली. २०१० साली ग्रीक दूरदर्शनवर त्यावर मालिका झाली, आणि २०२० साली ग्रीसने तिला सन्मानाने नागरिकत्व दिले. आज आईबाप मुलांचा हात धरून त्याच बोगद्यातून आत जातात आणि संध्याकाळच्या होडीने परत येतात.

ही परदेशची गोष्ट म्हणून सोडून देता येईल का? मुळीच नाही. मुंबईत वडाळ्याचे अॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० पासून उभे आहे. रुग्णांना वेगळे कोंडण्याचा १८९८ चा ब्रिटिश कायदा आपल्याकडे २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून निघाले ते २०१९ साली. कायदा बदलला, पण मन बदलले का, हा आमचा सवाल आहे. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाने होत नाही. त्याचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरने १८७३ सालीच शोधून काढला आहे. कर्मविपाकाची भाकडकथा आपण नाकारली आहे, मग ती आपल्या घराच्या कोपऱ्यातही शिल्लक राहू नये.

माताभगिनींनी एवढे लक्षात ठेवावे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध मोफत आहे. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या नेमाने घेतल्या की रोग बरा होतो आणि वेळेवर सुरुवात केली तर हातापायांचे व्यंगही टळते. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून लागण होण्याची भीती उरत नाही. तेव्हा त्याचे ताट वेगळे ठेवण्याचे, त्याला लग्नकार्यापासून दूर ठेवण्याचे काहीएक कारण नाही.

स्पिनालोंगाच्या रुग्णांना समुद्राने जेवढे तोडले, त्याहून अधिक माणसांच्या भीतीने तोडले. वेगळ्या पाणवठ्याचे दुःख ज्या समाजाने भोगले, त्या समाजाच्या घरात कोणासाठी वेगळा पेला असता कामा नये. पहिला पेला आपण उचलू या.

जय भीम!