चाकावरच्या घराला धुरकऱ्याची नजर

घाटाखालच्या वऱ्हाडात ज्यांचे बालपण गेले, त्यांना दमणी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. नव्या पिढीसाठी सांगायचे, तर ती माणसांच्या प्रवासासाठी केलेली हलकी बैलगाडी. वर बांबूच्या कमानी, त्यांवर तट्टे किंवा जाड कापड, खाली कडब्याचा थर आणि त्यावर आजीने शिवलेली वाकळ. शेगावला महाराजांच्या दर्शनाला निघायचे, तर पहाटे अंधारातच बैल जुंपले जायचे. पोरेसोरे आत झोपलेली, गाडीखाली कंदील टांगलेला, भाकरीचे गाठोडे आजीच्या मांडीशी. वाटेत एखाद्या विहिरीजवळ बैल सोडले आणि तीन दगड मांडून चूल पेटवली की झाले घर! मुक्कामाला लॉज लागत नव्हता, की जेवणाला हॉटेल.

पुढे खेड्यापाड्यांत एस. टी. पोहोचली, घरोघर फटफट्या आल्या आणि दमण्या गोठ्यामागे उन्हापावसात पडून राहिल्या. आमची दमणीही अशीच गेली. तिचे एक चाक तेवढे अजून वाड्याच्या भिंतीला टेकून उभे आहे.

हे सारे आठवायला कारण झाला माझा पुतण्या. तो खामगावला नोकरी करतो. हाताला वेल्डिंगची चांगली सवय आणि डोक्यात सदैव काहीतरी खूळ. गेल्या वर्षभरातल्या सुट्या खर्ची घालून त्याने गावच्या वाड्यात चाकावरचे एक छोटेसे घर बांधले. मोटारीच्या मागे जोडून ओढायचे. इंग्रजीत त्याला 'टिअरड्रॉप कॅम्पर' म्हणतात, असे त्याने आम्हाला सांगितले. टिअरड्रॉप म्हणजे अश्रूचा थेंब. बाजूने पाहिले, तर पुढून गोल आणि मागे निमुळता होत गेलेला आकार, म्हणून हे नाव.

खूळ असले, तरी त्यामागे कारण होते. त्याची आई, म्हणजे आमची वहिनी, गुडघ्यांनी बेजार. थोरले बंधू गेल्यापासून तिने उंबरठा सोडलेला नाही. लोणारला चल म्हटले, सिंदखेडराजाला चल म्हटले, की तिचे उत्तर ठरलेले : "मले परक्या गादीवर झोप नाही येत." मग पुतण्याने ठरवले, आई गादी सोडत नाही ना, तर गादीच आईबरोबर न्यायची. आत आई आणि सात वर्षांची नात झोपेल. तो आणि सूनबाई बाहेर तंबूत.

तक्त्याच्या मापाचे घर

चाकावरच्या घराची हौस जुनी आहे. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाने १८८५ साली ब्रिस्टॉलच्या कारखान्यात 'द वाँडरर' नावाची घोडागाडी निव्वळ हौसेच्या भटकंतीसाठी बांधून घेतली. ती चांगली प्रशस्त होती आणि तिला दोन घोडे लागत. टिअरड्रॉपची गोष्ट वेगळी. तो अमेरिकेत १९३० च्या दशकात, मंदीच्या दिवसांत पुढे आला. मोठे फिरते घर परवडत नव्हते, ते ओढायला ताकदवान मोटारही नव्हती. म्हणून दोन माणसे निजतील एवढीच पेटी लोक घरी बांधू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे शिलकी सामान, ॲल्युमिनियमचे पत्रे आणि जीपची चाके स्वस्तात मिळू लागली आणि या पेट्यांना बहर आला. १९४७ साली 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' या मासिकाने तिचे नकाशेच छापले आणि ते पाहून कितीतरी लोकांनी आपल्या गॅरेजमध्ये करवत हाती घेतली. पुढे मोठ्या मोटारी, मोठे रस्ते आले, तशी ही छोटी घरे मागे पडली. १९९० नंतर पुन्हा हौशी मंडळींनी ती उचलून धरली.

तिचे माप ठरले ते प्लायवूडच्या तक्त्यावरून. बाजारात तक्ता मिळतो आठ फूट बाय चार फुटांचा. तळाला एक तक्ता, दोन्ही बाजूंना एकेक. म्हणजे घर आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि उंचीला चार फूट. आत उभे राहायचे नाही. बसायचे आणि झोपायचे. छपराला पातळ प्लायवूड, कारण ते वाकले पाहिजे. त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. मागचा भाग डिक्कीसारखा वर उघडतो आणि त्याखाली स्वयंपाकघर : शेगडी, डबे, पाण्याचा कॅन. स्वयंपाक करणारा बाहेर जमिनीवर उभा आणि उघडलेले झाकण त्याच्या डोक्यावर छप्पर.

पुतण्याने खाली चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा केला, त्याला आस, पाटे आणि दोन चाके बसवली. जाड, म्हणजे अठरा मिलिमीटरचा एक तक्ता सुमारे पस्तीस किलोचा भरतो. तीन तक्ते, सांगाडा, चाके, पत्रा, गादी, भांडी असे करता करता वजन चारशे किलोंच्या घरात गेले. "दादा, कागदावर तर हलकं होतं!" वजनकाट्यावरून परत येताना तो मला म्हणाला. सामान जमवताना किलोचा हिशेब कोणी ठेवत नाही, हे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला उशिरा कळते.

"उलाय हाय थे!"

घर तयार झाले, त्या रविवारी आम्ही सगळे वाड्यात जमलो. आमचे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ, काठी टेकत आले. वय ऐंशीच्या पुढे. उमेदीच्या काळात ते धुरकरी होते. म्हणजे गाडी हाकणारे. कापसाच्या गाड्या त्यांनी खामगावच्या बाजारात नेल्या आणि राजूरचा घाट चढून बुलढाण्यालाही नेल्या. त्यांनी पत्र्याकडे पाहिले नाही, की आतल्या दिव्याकडे. सरळ पुढे गेले, जोडणीच्या दांड्याला हात घातला आणि एका हाताने ते नाक वर उचलले.

"उलाय हाय थे," ते म्हणाले.

"आबाजी, याले बैल नाही जुपाचे. मोटार ओढनार हाय," पुतण्या हसून म्हणाला.

"मंग काय झालं? धुरंवर वजन पायजे ना बावा!"

उलाळ हा शब्द आता ऐकू येत नाही. गाडीतला भार आसाच्या मागे जास्त झाला, की पुढची बाजू वर उचलली जाते. जू बैलांच्या मानेवरून उठते आणि जोत गळ्याला काचते. अशी गाडी उलाळ. उलट भार फार पुढे आला, तर सारे ओझे मानेवर येते आणि खांदे सोलले जातात. चांगला धुरकरी पोती भरतानाच हे साधायचा आणि वाटेतही साधत राहायचा. चढ लागला की भार मागे सरकल्यासारखा होतो, म्हणून तो स्वतः पुढे सरकून धुरेवर रेलायचा. उतार लागला की मागे. हे गणित त्याला कोणी फळ्यावर शिकवले नव्हते. बैल मान कशी धरतात, ते पाहून तो शिकला होता.

मोटारीला मान नाही, म्हणून ती तक्रार करत नाही. पण गणित तेच आहे. ट्रेलर बांधणारे सहसा सांगतात, की एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडणीवर आला पाहिजे. तो कमी पडला, तर वेग वाढताच ट्रेलरची शेपटी डोलू लागते. आधी थोडी, मग प्रत्येक झोक्याला अधिक, आणि शेवटी ती पुढच्या मोटारीलाच हिसके देते. उतारावर तर धोका अधिकच. घाबरून जोरात ब्रेक दाबला किंवा चाक इकडेतिकडे फिरवले, की दोन्ही वाहने आडवी होण्याची भीती.

पुतण्याने घरातला वजनकाटा आणला. आपण उभे राहून वजन करतो, तोच. ट्रेलर सपाट जमिनीवर ठेवला, चाकांना दगड लावले आणि मोटारीच्या जोडणीच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवून त्यावर नाक टेकवले. काटा दाखवत होता अकरा किलो. चारशे किलोंना हवे होते चाळीस ते साठ. चूक कोठे झाली, ते उघड होते. सगळे स्वयंपाकघर मागे. वीस लिटर पाण्याचा कॅन मागे, दिव्याची बॅटरी मागे, डबे मागे. मासिकातला नकाशा बरोबर होता. सामान मांडले होते ते आम्ही.

पुतण्याचा चेहरा उतरला. त्या पेटीला मोटार जोडून तो आईला आणि लेकीला घाट उतरवणार होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला आणि पुढच्या दांड्यावर लोखंडी पेटी बसवण्याच्या कामाला लागला. पुढच्या रविवारी पाण्याचा कॅन आणि बॅटरी त्या पेटीत गेली. काट्यावर नाक टेकवले, तर सेहेचाळीस किलो. मोठेबाबांनी पुन्हा हात घालून पाहिला. या वेळी एका हाताने उचलेना. "आता बैल खूश राहीन," ते म्हणाले.

हवा, ऊन आणि कागद

घरी असे काही बांधायचे मनात असेल, त्यांनी आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली हवेची. एवढ्याशा बंद पेटीत दोन माणसे रात्रभर श्वास घेणार. म्हणून झरोके हवेतच आणि तेही बंद न होणारे. थंडी कितीही असो, आत शेगडी, कोळशाची सिगडी किंवा कंदील पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस झोपेतच जातो. चूल मागे, उघड्यावर आहे, ती त्यासाठीच.

दुसरी उन्हाची. हे घर थंड मुलखात जन्मलेल्यांच्या सोयीचे. आपल्याकडे मलकापूर-नांदुऱ्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत कोण निजणार? पुतण्याने पत्र्याखाली थर्माकोल भरला आहे, तरी त्याचा मोसम दिवाळीपासून होळीपर्यंतच. या बाबतीत दमणीचे तट्टे अधिक शहाणे होते. त्यांतून वारा वाहायचा.

तिसरी कागदांची, आणि ती खरे तर पहिली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची व्याख्या आहे आणि नोंदणीवाचून तो रस्त्यावर आणता येत नाही. ओढणाऱ्या मोटारीला मनाला येईल तसे बदल करणेही कायद्याला मान्य नाही. शिवाय ती मोटार किती वजन ओढू शकते, हे तिच्या पुस्तिकेत पाहावे लागते. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, पण म्हणून घरच्या वेल्डिंगला आपोआप परवाना मिळत नाही. पहिला तक्ता कापण्याआधी नकाशा घेऊन परिवहन कार्यालयात विचारपूस करावी. आमच्या चिरंजीवांनी आधी घर बांधले आणि मग विचारले. आता कागद पुरे होऊन 'एमएच २८'चा क्रमांक मिळेपर्यंत ट्रेलर आमच्या शेतातल्या गाडवाटेपलीकडे न्यायचा नाही, असे त्याने स्वतःलाच बजावले आहे.

चाकावरचे घर ही हौस म्हणून गोड वाटते. सक्ती म्हणून नाही. मेवाडचे मूळ सांगणारे गाडिया लोहार पिढ्यान् पिढ्या बैलगाडीतच संसार करत आले. १५६८ साली चित्तोड पडले, तेव्हा घर न बांधण्याची शपथ पूर्वजांनी घेतली, असे ते सांगतात. १९५५ साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांना समारंभाने चित्तोडच्या किल्ल्यात नेण्यात आले, तरी सर्वांची वणवण काही संपली नाही. पुतण्याच्या पेटीचे कौतुक करताना मोठेबाबांनीच त्यांची आठवण काढली. गाडीची धाव बसवायला, विळा शेवटायला आपल्या भागातही फिरते लोहार येत. "त्यायचं घर असंच होतं," ते म्हणाले, "पण त्यायले मांगं दुसरं घर नोतं."

सध्या त्या चाकावरच्या घराचा मुक्काम वाड्यातल्या लिंबाखाली आहे. शनिवारी खामगावहून नात आली, की ती आणि वहिनी त्यात झोपतात. बिछाना गुडघ्याएवढ्या उंचीवर असल्याने वहिनीला खाटेवर बसावे तसे बसून आत सरकता येते. पहिल्या सकाळी आम्ही सगळे उत्सुकतेने विचारायला गेलो, झोप लागली का? वहिनी म्हणाली, "लागली. पोरगी लाता लय मारते." तिला झोप लागली, एवढे ऐकून पुतण्या आत चहा टाकायला निघून गेला.

कागद झाले, की पहिला मुक्काम लोणारला करायचा, असे ठरले आहे. वहिनीने गादीला नवी खोळ शिवून ठेवली आहे. मोठेबाबा येणार नाहीत म्हणतात. पण निघायच्या दिवशी सामान भरून झाल्यावर आपल्याला हाक मारायची, आपण हात घालून पाहिल्याशिवाय गाडी वाड्याबाहेर काढायची नाही, अशी ताकीद त्यांनी देऊन ठेवली आहे.