कोटणिसांचा चीनमधला संसार

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने बरेच आहेत, आणि त्या धंद्याला लागणारी रसायनं मोठ्या प्रमाणावर चीनहून येतात. त्यामुळे चिंचणी-बोईसरकडच्या माणसाला कामानिमित्त चीनला जाण्याचं फारसं अप्रूप उरलेलं नाही. आठवडाभर जाऊन यंत्र बघून येणं सोपं. दोन-तीन वर्षांची नेमणूक आली की मात्र घरात प्रश्न उभा राहतो: जोडीदारानं बरोबर जायचं का, आणि तिथं करायचं काय?

मराठी माणसानं चीनमध्ये थाटलेल्या संसाराचं सगळ्यात ठळक उदाहरण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं. त्यांना आपण हुतात्मा म्हणून ओळखतो. १९४६ साली व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, स्वतः कोटणिसांची भूमिका केली, आणि तीच प्रतिमा मनात बसली. संसारी कोटणीस तिच्याआड झाकले गेले. आज चीनला निघालेल्या जोडप्याला मात्र माझ्या मते तेच जास्त उपयोगाचे आहेत.

मुंबई ते येनान

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अलाहाबादचे अटल प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली, तेव्हा त्यांना अठ्ठाविसावं पुरं व्हायचं होतं.

सप्टेंबरच्या मध्याला पथक कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझौला उतरलं. ऑक्टोबरात ते शहर जपान्यांनी घेतलं, पाठोपाठ हांकौही पडलं. डॉक्टर पुढे आणि लढाई मागे, असा तो प्रवास. यांगत्से नदीच्या वाटेनं ते चुंगकिंगला पोहोचले. तिथं कोटणिसांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परत फिरले नाहीत. चिनी कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानला पोहोचायला फेब्रुवारी १९३९ उजाडला. बाकीचे सहकारी पुढच्या काही वर्षांत एकेक करून मायदेशी परतले.

भाषा आधी, लग्न मागाहून

कोटणीस चिनी बोलायला तर शिकलेच, लिहू-वाचूही लागले. पुढं वैद्यकीय शाळेत विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवण्यापर्यंत आणि शस्त्रक्रियेवरचं पुस्तक लिहायला घेण्यापर्यंत मजल गेली. परक्या देशात पगारी माणसाचं काम दुभाष्यावर भागतं, आणि म्हणूनच तो भाषा टाळतो. कोटणिसांनी टाळली नाही. जखमी सैनिकाला कुठं दुखतंय हे तिसऱ्याच्या तोंडून किती वेळ ऐकणार?

त्यांची आणि गुओ चिंगलान यांची भेट झाली ती डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनाला, १९४० साली. बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद. जपानविरुद्धच्या आघाडीवर काम करताना नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला होता. चिंगलान पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजात परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या. हा हिंदी डॉक्टर चिनी बोलतो, थोडंफार लिहितोही, याचं त्यांना विशेष वाटलं. १९४१ च्या जानेवारीत कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांनी लग्न केलं.

रोजचं जगणं

हा संसार हपै प्रांताच्या डोंगराळ भागातल्या खेड्यांत झाला. रुग्णालय म्हणजे गावातली घरंच. जपानी फौजा डोंगर पिंजून काढायला आल्या की रुग्ण, हत्यारं, औषधं, सगळं उचलून दुसऱ्या गावी न्यायचं. बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते इथं शब्दशः खरं होतं.

खायला मुख्यतः राळे. आपल्याकडे सोलापूर-नगर भागात राळ्याचा भात पूर्वी नेहमीचा. उत्तर चीनमध्ये त्याची पेज आजही सकाळच्या न्याहारीला असते. पण युद्धाच्या नाकेबंदीत ते धान्यही पुरेसं मिळत नसे. नवरा शस्त्रक्रिया करतो आणि शिकवतो, बायको परिचारिका घडवते, म्हणजे दोघांनाही स्वतःचं काम होतं. ही गोष्ट मला त्या लग्नातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. चिंगलान कुणाच्या मागं आलेल्या नव्हत्या. उलट परदेशातला माणूस तिथं रुजला तो त्यांच्यामुळे.

२३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. नाव यिनहुआ, ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणिसांना अपस्माराचे झटके येत होते, तरी काम थांबलं नाही. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, बत्तिसाव्या वर्षी. मूल साडेतीन महिन्यांचं होतं.

चिंगलान यांनी पुढं भारतात अनेकदा येऊन सासरचं नातं जपलं, कोटणिसांबरोबरच्या आयुष्यावर आठवणी लिहिल्या. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला. चिंगलान २०१२ साली दालियन शहरात निवर्तल्या.

आज जायचं तर: कागदपत्रं

नोकरीवर जाणाऱ्याला ‘झेड’ व्हिसा लागतो, बरोबर राहायला येणाऱ्या जोडीदाराला ‘एस-१’. त्यासाठी लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र हवं. लग्नाची पत्रिका आणि फोटो चालत नाहीत. पोहोचल्यावर 30 दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. हॉटेलात न उतरता घरी उतरलात, तर 24 तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे नोंद करायची. घर बदललं की पुन्हा.

मुख्य मेख अशी की एस-१ वर आलेल्याला नोकरी करता येत नाही. कोटणीस दाम्पत्यासारखं दोघांनाही काम, हे आज सहज जमत नाही. इथली नोकरी सोडून निघणाऱ्या बाईनं, किंवा बुवानं, हे तिकीट काढण्याआधीच समजून घ्यावं. तिथल्या विद्यापीठात भाषेच्या वर्गाला रीतसर प्रवेश घेणं हा एक चांगला मार्ग, पण त्याचा व्हिसा वेगळा असतो.

फोन आणि पैसे

चीनमध्ये व्हॉट्सअॅप, गूगल, यूट्यूब बंद. तिथं सगळा कारभार वीचॅटवर चालतो: बोलणं, बिलं, डॉक्टरची वेळ. आणि वीचॅटवर भारतात जून 2020 पासून बंदी. म्हणजे इकडचं तिकडे चालत नाही आणि तिकडचं इकडे. त्यामुळे भारतीय सिमकार्ड रोमिंगसह चालू ठेवावं. रोमिंगचा डेटा इकडच्या कंपनीमार्फत फिरत असल्यानं त्यावर व्हॉट्सअॅप सहसा चालतं, आणि बँकेचा ओटीपीही येतो. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. इथं रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिथं बारा. आजी-आजोबांना फोनची वेळ आधीच ठरवून द्यावी.

खरेदी भाजीवाल्यापासून मॉलपर्यंत क्यूआर कोडवर. आपलं यूपीआय तिथल्या बाजारात उपयोगी नाही. अलिपे किंवा वीचॅटला व्हिसा अथवा मास्टरकार्ड जोडता येतं.

स्वयंपाकघर

मूग सगळीकडे मिळतात, तूरडाळ मिळत नाही. गोडा मसाला, कोकम, पोहे घरून न्यावेत. शाकाहारी माणसानं ‘वो छ्र सू’ हे तीन शब्द पाठ करावेत, मी शाकाहारी आहे या अर्थाचे. तरीही भाजीच्या रश्शात हाडांचा अर्क असू शकतो, म्हणून विचारून खावं. बौद्ध शाकाहारी खानावळी मोठ्या शहरांत असतात.

मासे खाणाऱ्या चिंचणीकरांची मात्र चैन. चच्यांग आणि फूच्यान या किनारपट्टीच्या प्रांतांत पापलेट मिळतं, आणि बोंबीलसुद्धा. तिथं त्याला ‘ड्रॅगनच्या डोक्याचा मासा’ म्हणतात, पीठ लावून कुरकुरीत तळतात, वर मीठ-मिरपूड. नाव भारदस्त आहे, मासा तोच.

फिरणं

पाच वर्षं बंद असलेली थेट विमानसेवा ऑक्टोबर 2025 मध्ये कोलकाता-ग्वांगझौ मार्गावर पुन्हा सुरू झाली. देशांतर्गत फिरायला रेल्वेसारखं साधन नाही. बीजिंग-शांघाय हे 1,318 किलोमीटर वेगवान गाडी साडेचार तासांत कापते. तिकीट पासपोर्टच्या क्रमांकावर निघतं, म्हणून स्टेशनवर पासपोर्ट जवळ हवाच. वसंतोत्सवाच्या आणि 1 ऑक्टोबरच्या सुट्यांत प्रवास टाळावा. तेव्हा सगळा देश घरी निघालेला असतो.

बीजिंगला राहत असाल तर एक रविवार शिच्याच्वांगसाठी ठेवा. वेगवान गाडीनं तासा-सव्वातासाचा प्रवास. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत बेथ्यून आणि कोटणीस या दोघांच्याही समाध्या आहेत. आणि इथून निघण्याआधी वेळ काढून सोलापूरला जा; कोटणिसांचं स्मारक तिथं आहे, आणि ते बघायला व्हिसा लागत नाही.