माप कोणाचे घ्यायचे?

आमचे अब्बा शिंपी. चाळीस वर्षे त्यांच्या गळ्यात टेप असायचा. ईदच्या आधी दुकानात गर्दी व्हायची. एखाद्या मुलाचे माप चालू असताना त्याचे वडीलच मध्ये बोलायचे, "ढिला ठेवा, बाही लांब घ्या." अब्बा हसून म्हणायचे, "भाईजान, ज्याला घालायचं आहे त्याला बोलू द्या." मग मुलाकडे वळून विचारायचे, "बोल बेटा, कुठे घट्ट होतंय?"

गेल्या वर्षी अब्बांना पक्षाघाताचा झटका आला आणि आम्ही तिन्ही भावंडांनी नेमकी त्या वडिलांसारखीच चूक केली.

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता. उजवा हात आणि पाय लुळा पडला, बोलणे जवळजवळ बंद झाले. बहुतेक माणसांत भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या बाजूला असतात. तिथला रक्तपुरवठा तुटला की वाचाघात होऊ शकतो. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना तो होतो. वाचाघात म्हणजे वेड नव्हे, बहिरेपणही नव्हे. माणूस आपल्या लोकांना ओळखतो, त्याला आपले मत असते. पण शब्द ओठांपर्यंत येत नाही, किंवा भलताच येतो. काहींना समोरच्याचे लांबलचक बोलणे समजायलाही वेळ लागतो.

इस्पितळात अब्बांची मापे बरीच घेतली गेली. पहिल्याच दिवशी झटक्याची तीव्रता मोजली. त्यासाठी ० ते ४२ गुणांची एक पट्टी असते. त्यात शुद्ध, नजर, चेहरा, हातपाय अशा गोष्टी तपासतात आणि भाषेला जास्तीत जास्त ३ गुण असतात. गुण जितके जास्त तितका झटका मोठा. पुढे व्यायाम सुरू झाल्यावर बार्थेल निर्देशांक आला. १९६५ पासून वापरात असलेल्या या मापात जेवणे, अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, जिना चढणे अशी रोजची दहा कामे पाहून १०० पैकी गुण देतात. तिसरे माप रँकिन यांचे. ग्लासगोच्या या डॉक्टरांनी १९५७ मध्ये ते मांडले आणि आज त्याचे सुधारलेले रूप वापरतात. त्यात ० म्हणजे काहीही त्रास नाही, ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला आणि ६ म्हणजे मृत्यू.

ही मापे उपयोगाची आहेत. तीन महिन्यांनी अब्बांना बार्थेलमध्ये ८० गुण मिळाले तेव्हा अम्मीने शुक्राना नमाज अदा केली. आम्ही नातेवाइकांना फोन करून सांगितले, "आता फक्त बोलणं राहिलंय."

पण त्या 'फक्त'मध्ये काय काय अडकले होते ते आम्हाला दिसले नव्हते. तपासणीला गेलो की डॉक्टर विचारायचे, "झोप लागते का?" भाईजान म्हणायचे, "लागते." "काही दुखतं का?" बाजी सांगायची, "नाही, पण व्यायामाचा कंटाळा करतात." अब्बा डावा हात छातीवर आपटून म्हणायचे, "मेरेकू... मेरेकू..." आम्ही त्यांची पाठ थोपटायचो, "हो अब्बा, सांगतोय ना आम्ही."

एके दिवशी वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला दाराबाहेर बसवले. माणसाच्या शरीराचे चित्र अब्बांसमोर ठेवले आणि दखनीत विचारले, "कां दुखता?" अब्बांनी चित्रातल्या उजव्या खांद्यावर बोट ठेवले. मग रात्रीचे चित्र दाखवून त्या खांद्यावर पुन्हा पुन्हा बोट ठेवले. पक्षाघातानंतर लुळ्या बाजूचा खांदा दुखणे नेहमीचे असते. स्नायू सैल पडल्याने सांध्याला आधार राहत नाही आणि तो हात धरून ओढला तर दुखणे वाढते. अब्बांना पलंगावरून उठवताना आम्ही तिघेही तोच हात धरून ओढत होतो. दोन महिने ते हेच सांगू पाहत होते, आणि आम्ही डॉक्टरांना सांगत होतो की ते आळशी झालेत.

त्या दिवसापासून आम्ही एक प्रश्न घेऊन बसलो. हाताचे माप होते, पायाचे होते, मग रुग्ण स्वतःची बाजू स्वतः किती मांडू शकतो, याचे माप का नसावे?

असे माप आहे. इंग्रजीत याला सेल्फ-ॲडव्होकसी म्हणतात. अमेरिकेतील डेल ब्रॅशर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये बारा विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्णाने प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत ते सांगायचे. त्यातून तीन गोष्टी मोजल्या जातात. एक, आपल्या आजाराची माहिती आपण स्वतः करून घेतो का? दोन, डॉक्टरांसमोर आपली गरज ठामपणे बोलतो का? तीन, एखादा उपचार पटला नाही तर विचारपूर्वक नकार देण्याची आपली तयारी आहे का?

तिसऱ्या गोष्टीचा अर्थ कोणी चुकीचा घेऊ नये. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ ठेवण्याची गोळी मनानेच बंद करणे म्हणजे स्वतःची बाजू मांडणे नव्हे. त्याने दुसरा झटका येऊ शकतो. गोळीने चक्कर येते, रमजानमध्ये वेळा कशा बदलायच्या, हे डॉक्टरांना तोंडावर विचारणे म्हणजे बाजू मांडणे.

अडचण अशी की ही प्रश्नावली वाचता आणि बोलता येणाऱ्या माणसासाठी आहे. वाचाघात झालेल्या माणसापुढे लांब वाक्ये ठेवली तर तो गोंधळतो, आणि मग त्याच्या वतीने घरचे उत्तर देतात. घरच्यांनी दिलेली उत्तरे रुग्णाच्या स्वतःच्या उत्तरांशी जुळतातच असे नाही; बऱ्याचदा घरचे त्याची अवस्था आहे त्याहून वाईट सांगतात, असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे जो बोलू शकत नाही त्याचा आवाज मोजताना पुन्हा दुसऱ्याचाच आवाज मोजला जातो. यावर उपाय आहेत. प्रश्न छोटा करायचा, एका वेळी एकच विचारायचा, चित्र दाखवायचे, हो-नाहीचे पर्याय लिहून समोर ठेवायचे. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात 'टॉकिंग मॅट्स' नावाची पद्धत तयार झाली. त्यात माणूस चित्रे उचलून 'आवडते', 'नक्की नाही', 'नको' अशा रकान्यांत स्वतः मांडतो.

प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, यानेही फरक पडतो. अब्बा गिऱ्हाइकांशी मराठी बोलत, घरात दखनी. झटक्यानंतर दोन्ही भाषा सारख्याच परततात असे नाही. मराठीत अडकलेला शब्द दखनीत सुटतो, हे आम्ही रोज पाहिले.

वाचा-उपचाराच्या बाईंच्या सल्ल्याने आम्ही घरी एक वही केली. तपासणीहून आलो की त्यात चार गोष्टी लिहायच्या. अब्बांना विचारलेल्या प्रश्नांपैकी किती उत्तरे त्यांनी स्वतः दिली? त्यांनी स्वतःहून काय विचारले? कशाला नकार दिला? आणि त्या आठवड्यात घरातली कोणती गोष्ट त्यांच्या मर्जीने ठरली? उत्तर शब्दात असो, बोटाने असो की मानेने, ते अब्बांचेच धरायचे. पहिल्या तपासणीत नऊ प्रश्नांपैकी दोनच उत्तरे त्यांची होती. चौथ्या तपासणीत सहा झाली. दरम्यान त्यांचे शब्द थोडेच वाढले होते. वाढली होती ती आमची थांबण्याची सवय. प्रश्न विचारल्यावर आम्ही मनातल्या मनात दहापर्यंत मोजत होतो.

ही वही म्हणजे शास्त्रीय चाचणी नाही. तिच्यावरून एका रुग्णाची दुसऱ्याशी तुलना करता येणार नाही. गेल्या महिन्याचे अब्बा आणि या महिन्याचे अब्बा एवढेच तिच्यात पाहायचे. आणि आकडा कमी आला तर दोष रुग्णाचाच असे नाही. विचारणाऱ्याने घाई केली असेल, दिवस थकव्याचा असेल, मन खचले असेल. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. असा माणूस गप्प बसला तर त्याला समाधानी समजू नये.

वहीच्या चौथ्या प्रश्नाचे पहिले उत्तर नमाजचे होते. अब्बा अजान झाली की टोपीकडे हात करायचे. आम्ही म्हणायचो, "अब्बा, आराम करा, आजाऱ्याला सवलत आहे." सवलत आहेच, उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पडून नमाज अदा करता येते. पण सवलत बसून नमाज अदा करण्याची होती आणि आम्ही त्यांना नमाजपासूनच दूर ठेवत होतो. आता त्यांची खुर्ची खिडकीजवळ असते. वजूला अम्मी मदत करते, पण आधी विचारून.

शेजारच्या खालाजान आजारी पडल्या तेव्हा आम्हाला आणखी एक गोष्ट कळली. त्यांना बोलता येत होते, तरी दवाखान्यात त्यांच्या मियाँनीच सगळे सांगितले. खालाजान एवढेच म्हणाल्या, "मैं अच्छी हूँ." आयुष्यभर घरात ज्यांना विचारले गेले नाही, त्या आजारपणात एकदम कशा बोलतील? आमच्या घरांतल्या बायकांसाठी ही वही दोनदा वाचावी लागेल.

कायदाही या बाबतीत गप्प नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेल्या कायमच्या वाचा-भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे. तपासणीत ते ४० टक्के किंवा अधिक ठरले तर प्रमाणपत्रावर सवलती मागता येतात. मुंबईत वांद्रे इथे १९८३ पासून असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचेवर उपचार होतात.

परवा तपासणीत डॉक्टरांनी सवयीने भाईजानकडे पाहून विचारले, "आता कसं आहे?" भाईजानने अब्बांकडे पाहिले आणि गप्प बसला. आम्ही सगळेच गप्प बसलो. बराच वेळ गेला. मग अब्बा म्हणाले, "खांदा... कम. मशीन... कब?" शिलाई मशीनवर पुन्हा कधी बसता येईल, असे ते विचारत होते. डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि उत्तर त्यांनाच दिले.

वाचकहो, तुमच्या घरात असा कोणी आजारी असेल तर आज एकदा त्यांनाच विचारा, आणि दहापर्यंत मोजा. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि आम्हाला ऐकण्याचा सब्र देवो. आमीन.