तापणारी पृथ्वी आणि परभणीचा पाऊस

पौषातील निरभ्र रात्री परभणी जिल्ह्यात थंडीचा कडाका असतो. परंतु एखाद्या रात्री आभाळ भरून आले की थंडी ओसरते, हा येथील शेतकऱ्याचा नेहमीचा अनुभव आहे. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशात सोडीत असते. ढग व हवेतील बाष्प तिच्यापैकी बरीच उष्णता शोषून घेतात आणि काही भाग पुन्हा जमिनीकडे परतवतात. शास्त्रज्ञ ज्याला ‘हरितगृह परिणाम’ म्हणतात, त्याचे मर्म हेच होय.

पृथ्वीची गोधडी

हा परिणाम मुळात अनिष्ट नाही. बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड इत्यादी वायूंची ही गोधडी नसती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंश सेल्सिअसऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास राहिले असते. प्रश्न आहे तो गोधडी जाड होण्याचा. कोळसा जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढून पृथ्वी तापेल, असे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे १.१ अंशाने अधिक होते.

हिवाळ्यात परभणीचा पारा घसरल्याच्या वार्ता वाचून ‘मग तापमानवाढ कोठे आहे?’ असे कोणी विचारील. एका रात्रीची थंडी हे हवामानाचे त्या दिवसापुरते रूप होय; तापमानवाढ कळते ती अनेक दशकांच्या आणि साऱ्या जगाच्या सरासरीवरून.

पाऊस तोच, दिवस थोडे

एक-दीड अंशाने असे काय बिघडते? हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. परिणामी उघडीप असताना जमीन लवकर वाळते आणि पाऊस आला म्हणजे तो कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, एकूण पाऊस मात्र घटला, असे त्यात आढळले.

मराठवाड्याने २०१४ व २०१५ अशी लागोपाठ दुष्काळाची वर्षे पाहिली, तसेच सप्टेंबर २०२४ मधील अतिवृष्टीही पाहिली. १९७२ चा दुष्काळ स्मरणात असणाऱ्यांना अवर्षण नवे नाही आणि कोणतीही एकच आपत्ती केवळ तापमानवाढीच्या माथी मारणे योग्य नव्हे. तथापि टोकाच्या घटनांची शक्यता वाढत आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्यासाठी हीच चिंतेची बाब आहे. जिल्ह्यातील भारी काळी जमीन पाण्याचा ताण पडताच भेगाळते आणि अतिवृष्टीत चिबडते. जूनमध्ये पावसाने दडी मारली की दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. काढणीच्या वेळी झड लागली की सोयाबीन शेंगेतच उगवते. वर्षाची सरासरी भरली, तरी हंगाम हातचा जातो.

गावाच्या हाती काय आहे?

जगाच्या धुराड्यांपुढे एका जिल्ह्याचा वाटा अल्प आहे. परंतु पाऊस कसाही पडला तरी तग धरण्याची तयारी गावाला करता येते. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरल्यास जादा पाणी सरीतून निघून जाते आणि उघडिपीत ओल टिकते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने या पद्धतीचा सातत्याने प्रसार केला आहे. राज्य शासनाने २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू केलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात परभणीचाही समावेश होता. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून नियोजन करणे हे त्याचे एक प्रमुख अंग होते. असा ताळेबंद कोणत्याही ग्रामपंचायतीस ग्रामसभेपुढे ठेवता येईल. पऱ्हाटी न जाळता तिचा भुगा करून खतासाठी वापरणे आणि नत्रखत मोजून देणे, यांमुळे जमिनीचा कस टिकतो आणि वायूंचे उत्सर्जनही कमी होते.

शाळांनाही यात वाटा उचलता येईल. पटांगणातील साध्या पर्जन्यमापकावर विद्यार्थ्यांनी रोजची नोंद ठेवावी आणि वर्षअखेर ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. पाऊस किती मिलिमीटर पडला एवढेच पाहण्याची आपणांस सवय आहे. तो किती दिवसांत पडला आणि मध्ये किती दिवस खंड पडला, हे विचारल्यावाचून यापुढे पेरणीचे, पाण्याचे वा पिकांचे नियोजन पुरे होणार नाही.